खंडेनवमीचं तेल

आमच्या यंत्राला लोक सूक्ष्मदर्शक म्हणतात आणि इथेच पहिली गफलत होते. नावावरून वाटतं, हे बघायचं साधन. डोळा लावायचा, बघायचं, वहीत लिहायचं, घरी जायचं. सोलापुरात गेली अकरा वर्षं मी हे यंत्र चालवतो आणि दर शाळेच्या सहलीला घसा कोरडा करून सांगतो की बाळांनो, हे नुसतं बघत नाही, हे मारतं. वरून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, दोन लाख व्होल्टच्या जोराने, आणि खाली ठेवलेल्या वस्तूच्या आरपार जातो. त्यातून चित्र मिळतं हे खरं. पण जाता जाता तो एखाद्या अणूला असा धक्का देतो की तो अणू जागचा उठून चालता होतो. जितका वेळ बघत राहाल तितकी ती वस्तू मोडत जाते. मुलं माना डोलावतात आणि मग त्यातला एक जण हमखास विचारतो, "सर, ह्यात कोरोना दिसतो का?" मी म्हणतो, दिसतो. पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

यंत्राच्या या मोडण्याच्या खोडीचाच उपयोग करून घेणारी एक मुलगी आमच्याकडे पीएचडी करत होती. मुलगी म्हणतो, पण लग्न झालेली, एका लेकीची आई. केम स्टेशनजवळच्या एका वस्तीवरची. आठवडाभर इथे वसतिगृहात राहायची आणि शनिवारी रेल्वेने गावी जायची. तिचं काम असं: मॉलिब्डेनम आणि गंधक यांचा एक पापुद्रा असतो, जेमतेम तीन अणू जाडीचा. झोत पसरट ठेवला तर तो पापुद्रा नीट दिसतो. तोच झोत गोळा करून एका बिंदूवर धरला की तिथले अणू उडायला लागतात, आधी गंधकाचे, मग मॉलिब्डेनमचे. पडद्यावर एक उजळ ठिपका येतो. तेच भोक. चार-सहा अणूंच्या मापाचं. अशा भोकांतून पाणी जातं आणि मीठ अडतं, असं ती म्हणायची. नळाला पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे ऐकायला बरं वाटतं.

कधी थांबायचं, हे त्यात सगळ्यात अवघड. सेकंदभर आधी थांबलात तर काहीच झालेलं नसतं, सेकंदभर उशीर झाला तर भोकाचं भगदाड होतं. त्याचं गणित आहे, पण ते गणित ऐन वेळी कामाला येत नाही. ती बटणावर बोट ठेवून पुटपुटत मोजायची आणि एकदम हात काढून घ्यायची. तिचा हात कधी चुकला नाही. मी अकरा वर्षं या खुर्चीत बसतोय आणि माझा हात दहातून सहा वेळा चुकतो. मला तिचा हेवा वाटायचा, हे इथे सांगून टाकतो.

तर त्या वर्षी तिचा प्रबंध टाइप होऊन तयार होता. फक्त चौथ्या प्रकरणात एका छायाचित्राची जागा मोकळी होती. एका ओळीत पाच भोकं आणि त्यांच्या काठावरचे अणू स्पष्ट मोजता येतील असं एक चित्र. ते मिळालं की प्रबंध सादर. मुदत दिवाळीपर्यंत. पापुद्रे दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने बनवून दिले होते, चार. ते बनवणारा माणूस त्यानंतर परदेशी गेला आणि त्याची भट्टी बंद पडली. चारांतला एक पोस्टातच फाटला. एक सरावात गेला. एकावर काम चालू असताना वीज गेली. यूपीएसने यंत्र सांभाळलं, पण झोत परत आला तो भलत्याच जागी, आणि पापुद्रा संपला. राहिला एक. साबुदाण्याएवढ्या गोल तांब्याच्या जाळीवर ठेवलेला, डोळ्यांना न दिसणारा. ती तो डबीत घालून पर्समध्ये बाळगायची, मग मीच रागावून तो आमच्या कपाटात ठेवायला लावला.

खंडेनवमीला दुपारी दोनची वेळ मी तिला दिली होती. दुसऱ्या दिवशी दसरा, मग शनिवार-रविवार. म्हटलं, सुट्टीआधी काम होऊन जाऊ दे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. रसायनवाले काचेच्या चंबूंना कुंकू लावतात, वर्कशॉपवाले लेथला हार घालतात. माझ्या खोलीत मात्र मी काहीही करू देत नाही. उदबत्ती नाही, कापूर नाही, अत्तर लावून आलेला माणूस नाही. धुराचा एक कण, तेलाची एक वाफ आत गेली तरी यंत्र महिनाभर रुसून बसतं. पूजा दाराच्या बाहेर, नारळ व्हरांड्यात. यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. "ह्यांच्या देवाला धूर चालत नाही, दमा आहे त्याला," असं आमचे शिपाईमामा सगळ्यांना सांगतात. मी मनावर घेत नाही.

त्या वर्षी मी अण्णांना घेऊन गेलो. अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की विणकर हाक मारायचा आणि अण्णा जाऊन तो सुरू करून द्यायचे. किती वर्षं मला म्हणत होते, "तुजं मशीन दाव की एकदा." मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी वाटलं, वय झालं, दाखवून टाकावं.

तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडद्यावर आधीच्या एका पापुद्र्याचं जुनं चित्र लावून दाखवलं. रांगेत मांडलेले ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक अणू. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"हे कापडच हाय की," ते म्हणाले. मग बोट टेकवलं. "हितं दोन धागं तुटल्यात."

मी चष्मा वर करून पाहिलं. खरोखरच त्या जागी दोन अणू नव्हते. आम्ही दोघांनी ते चित्र शंभर वेळा बघितलं असेल आणि ते आमच्या नजरेतून सुटलं होतं. ती इतकी हसली. "सर, अण्णांनाच गाईड करायला पायजे होतं," म्हणाली. अण्णांना ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा बघून तेही हसले.

सकाळीच तिने तो शेवटचा पापुद्रा होल्डरमध्ये बसवून ठेवला होता. होल्डर म्हणजे हातभर लांबीची स्टीलची दांडी. तिच्या टोकाला ती जाळी बसते आणि दांडी यंत्राच्या पोटात सरकवायची. तोपर्यंत ती टोकावर टोपण घालून टेबलावरच्या स्टँडमध्ये होती. तेवढ्यात विभागप्रमुख आले, व्हरांड्यातून हाका सुरू झाल्या, आणि आम्ही दोघं बाहेर गेलो. अण्णा म्हणाले, "मी बसतो हितंच, पाय दुखत्यात." दहा मिनिटं. नारळ फुटला, प्रसाद वाटला, फोटो निघाले. परत आलो तर अण्णा यंत्रापुढे हात जोडून बसले होते. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. मला फार बरं वाटत होतं त्या दिवशी.

दोन वाजता दांडी आत घातली. आतली हवा काढून टाकायला एरवी दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी चाळीस लागली. मला वाटलं, पूजेच्या गडबडीत दार उघडं राहिलं म्हणून असेल. मग चित्र आलं. पापुद्रा स्वच्छ, सलग, सुरेख. तिने जागा निवडली, झोत गोळा केला आणि मोजायला लागली.

ठिपका उजळला नाही. काळा पडला.

"सर, हे काळं होतंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, जागा बदल. तिने बदलली. तिथेही तेच. भोक पडायच्या ऐवजी तिथे काहीतरी साचत होतं, बघता बघता उंच होत होतं. हे काय असतं ते मला माहीत होतं. पापुद्र्यावर कुठलंही तेल, चिकटपणा असला की त्याचे रेणू पृष्ठभागावरून सरपटत झोताकडे येतात आणि झोत त्यांना तिथेच जाळून चिकटवतो. काजळी धरते तसं. जो झोत कोरून काढतो तोच मग लिंपायला लागतो. आणि यातून सुटका नाही, कारण कुठे साचलंय ते बघायला झोत टाकावा लागतो, आणि झोत टाकला की तिथेही साचतं. आम्ही जिथे जिथे पाहिलं तिथे तिथे आमच्या पाहण्याचा काळा डाग राहिला.

जे जे माहीत होतं ते सगळं केलं. आतला सापळा थंड करायला द्रव नायट्रोजन पुन्हा भरला. झोत पसरवून अर्धा तास तसाच पडू दिला, म्हणजे मळ जागच्या जागी थिजतो म्हणतात. दांडी बाहेर काढून दिव्याखाली तापवली, परत घातली. पाच वाजेपर्यंत पापुद्र्याचा कोपरान् कोपरा डागाळला. सहाला तो एका डागाच्या काठाने उसवत गेला. फाटताना आवाज होत नाही, पडद्यावर फक्त एक रेघ पुढे पुढे सरकत जाते. ती हात मांडीवर ठेवून बघत होती. मी यंत्रचालक, माझ्या हाताशी शंभर बटणं, आणि त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता. झोत बंद करण्याखेरीज मी तिच्यासाठी काहीही करू शकत नव्हतो. तो मी बंद केला.

तिचे मार्गदर्शक आले. त्यांनी चित्रं बघितली आणि म्हणाले, पापुद्रा जाळीवर चढवताना वापरतात ते प्लास्टिक नीट धुतलं गेलं नसणार. "एवढी घाई कशाला करायची? किती वेळा सांगितलं तुला?" ती म्हणाली, "हो सर." मलाही तेच वाटलं. मी रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या नोंदीपुढे लिहिलं, "नमुना अस्वच्छ." खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी घरी आम्ही सोनं दिलं-घेतलं. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून अण्णा खूश होऊन म्हणाले, "काल तेल दिलं बरं का तुज्या मशीनला."

मला काही उमगेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्यात जॉबरांची रीत होती. खंडेनवमीला मागाला आधी तेलाचा थेंब द्यायचा, मगच नारळ. थेंब न देता फोडलेला नारळ फुकट जातो म्हणायचे. म्हणून ते खिशात त्यांची जुनी कुपी घेऊन आले होते. आम्ही बाहेर गेल्यावर त्यांनी यंत्राभोवती फिरून बघितलं. हलणारा एकही भाग दिसेना. शेवटी टेबलावर ती दांडी दिसली.

"लई कोरडी हुती रं," अण्णा म्हणाले. "टोपण काडलं, थेंब सोडला आन टोकाच्या टिकलीपातुर बोट फिरवलं. पुसून ठेवली परत. आता कशी सुळसुळ जाईल बग."

चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्याने अण्णांना जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणयंत्र आणून दिलंय, ते खिशात असतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी तोंड उघडलं खरं, पण जे बोलायचं होतं ते ओरडून कसं बोलणार? तुमच्या त्या थेंबाने एका पोरीची पाच वर्षं गेली, हे गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात? आणि त्यांनी नेमकं तेच केलं होतं जे चांगला जॉबर करतो. कोरडा भाग हुडकला, तेल दिलं, जास्तीचं पुसून घेतलं. धूर, कापूर, अत्तर, सगळ्यांवर पहारा ठेवणाऱ्या मला स्वतःच्या बापाचा खिसा तपासावा असं सुचलं नव्हतं. मी हातातली पानं बघत उभा राहिलो. मग म्हणालो, "बरं केलंत." ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो.

तिला सांगायला मी तीन दिवस लावले. याची मला आजही लाज वाटते. सुट्टी होती, हे कारण मी स्वतःला देत राहिलो. सोमवारी पत्र तयार केलं. होल्डरला तेल लागलं ते यंत्रचालकाच्या, म्हणजे माझ्या, हलगर्जीपणामुळे. विद्यार्थिनीचा दोष नाही. तिला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळावी. रजिस्टरमधली नोंद खोडता येत नाही, म्हणून तिच्याखाली दुसरी लिहिली. मग वसतिगृहाच्या बाहेरच्या कट्ट्यावर तिला गाठलं आणि सगळं सांगितलं, अण्णांसकट.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं."

चार दिवस ती रोज मनातल्या मनात तो पापुद्रा पुन्हा पुन्हा धूत होती, कुठे चुकलं ते शोधत. मी दसऱ्यालाच फोन केला असता तर ते तरी वाचलं असतं. मला तिच्याकडे बघवेना.

मी पत्र पुढे केलं. तिने वाचलं, नीट घडी घातली.

"मुदत मिळेल सर," ती म्हणाली. "पण पापुद्रा कुठून आणायचा? तिकडं जाऊन मीच भट्टी लावायची म्हटलं तर शिकण्यातच सहा महिने जातील."

"मग जा. मी बोलतो तिकडच्या लोकांशी. राहायची सोय करतो," मी म्हणालो.

तिने पत्राची घडी पुन्हा एकदा दाबली. मग म्हणाली, "मालकांनी चाकणला खोली घेतलीय, दोन वर्षं झाली. दिवाळीनंतर तिघं एकत्र राहायचं ठरलंय. त्यांनी एकदा पण तोंड वाकडं केलं नाही सर. भांडले असते तर मी पण भांडून मागून घेतलं असतं. आता कुठल्या तोंडानं मागू?" मग हसल्यासारखं करून म्हणाली, "आन पोरगी आईकडं वाढतीय. घरात सगळी मला ताई म्हणतात, तर ती पण ताईच म्हणाय लागलीय."

माझ्याकडे विद्यापीठाला द्यायला पत्र होतं. याच्यावर द्यायला काही नव्हतं. समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, ती आम्ही दोघं बघत बसलो. दोष कुणाच्या तरी अंगावर ढकलता आला असता तर बरं झालं असतं, पण ढकलायला कुणी सापडतच नव्हतं. नवरा भला, मार्गदर्शक नियमाने चालणारे, अण्णा प्रेमाने करायला गेलेले. मीच तेवढा उरलो होतो, आणि माझ्या दोषी असण्याने तिचा काही फायदा नव्हता.

जाताना तिने विचारलं, "अण्णांना सांगितलं का?"

"नाही."

"नका सांगू. आमच्याकडं एकदा चुलत्यांनी खंडेनवमीला विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर नारळाचं पाणी ओतलं होतं. जळाली मोटार. ते अजून त्या मोटारीजवळ जात नाहीत." ती उठली. "सांगू नका सर, मला शब्द द्या."

मी शब्द दिला. तिला द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं.

दिवाळीनंतर ती चाकणला गेली. यंत्र पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. आता उत्तम चालतंय, पूर्वीपेक्षा स्वच्छ चित्र येतं. मुदतवाढीसाठी अर्ज विद्यार्थ्याने स्वतः करावा लागतो. तो आला नाही. प्रबंध मार्गदर्शकांच्या कपाटात आहे, चौथ्या प्रकरणातल्या मोकळ्या चौकटीसह. मध्ये मी तिला फोन केला होता. लेक बालवाडीत जाते, आता आई म्हणते, हे तिने सांगितलं. यंत्राबद्दल तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

अण्णा मात्र विचारत राहिले. दर आठ-पंधरा दिवसांनी, जेवताना नाहीतर ओट्यावर बसल्या बसल्या. "ती पोरगी डॉक्टर झाली का रं?" मी म्हणायचो, होईल. त्यांना ऐकू जायचं नाही. ते कानामागे हात धरायचे. मी पुन्हा म्हणायचो, होईल, मग ते विचारायचे, अजून कशी न्हाय झाली, आणि त्याचं उत्तर ओरडून देणं मला जमणार नव्हतं, न ओरडताही जमलं नसतं.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी थकलो होतो. मी ओरडून म्हणालो, "झाली."

समोरच्या काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय झालं हो? कोण झाली?"

उत्तर अण्णांनीच दिलं. "ह्याच्या मशीनवरची पोरगी. डॉक्टर झाली. मी तेल दिल्तं त्या मशीनला खंडेनवमीला."

"मग पेढे कुठायत?" काकू म्हणाल्या.

अण्णांनी मला पेढे आणायला पाठवलं. मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि पाव किलो आणले. अण्णांनी ते काठी टेकत टेकत गल्लीत घरोघरी वाटले. शेवटचा माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहिले.